भिजल्या साबुदाण्याएवढी पेस्ट: प्रोसेसरला थर्मल पेस्ट लावण्याची रीत

मागच्या मे महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, पीसी गेम चालू केला की दहा मिनिटांत बंद पडतो. दुकानवाला म्हणतो, भिया, पेस्ट सूख गया होगा." इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि कॉम्प्युटर बंद पडला की पहिला आरोप पेस्टवरच येतो. मी नळी खिशात टाकून लोकमान्य नगरात ताईकडे गेलो आणि कॅबिनेट उघडलं. पेस्ट ठीक होती, बिघाड दुसराच निघाला. तो कोणता, ते पुढे ओघात येईलच. त्या दिवशी भाच्याला शेजारी बसवून सगळं त्याच्याच हातून करून घेतलं. हा लेख त्याच क्रमाने लिहितो आहे, ज्यांनी आजवर कॅबिनेटचं झाकणही उघडलेलं नाही त्यांच्यासाठी.

एक खुलासा आधीच करतो. इथे कूलर म्हणजे खिडकीत बसवतो तो गवताच्या जाळीचा नव्हे. प्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपवर, बसणारा धातूचा ठोकळा आणि त्यावरचा पंखा, याला कॉम्प्युटरवाले कूलर म्हणतात.

पेस्ट नेमकं करते काय

प्रोसेसरच्या डोक्यावर निकेलचा मुलामा दिलेली तांब्याची चकती असते. कूलरचा तळही तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा. दोन्ही हाताला गुळगुळीत लागतात, पण बारकाईने पाहिलं तर दोन्हींवर खाचाखोचा असतात. एकावर एक ठेवले की धातू धातूला थोड्याच जागी टेकतो, बाकीच्या फटींत हवा अडकते. हवा उष्णता वाहून नेण्यात अगदीच आळशी. आकड्यांत सांगायचं तर तांब्याची उष्णतावहनक्षमता साधारण ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, बाजारातल्या बऱ्या पेस्टची ४ ते १२, आणि हवेची जेमतेम ०.०२५.

या तीन आकड्यांतच सगळी रीत आली. पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट चांगली, म्हणून फटीत ती हवीच. पण तांब्यापुढे ती कितीतरी कच्ची, म्हणून जिथे धातूला धातू टेकू शकतो तिथे तिचा जाड थर मध्ये आला तर नुकसानच. रंगारी भिंतीच्या खाचा पुट्टीने भरतो आणि उरलेली पात्याने ओढून काढतो, तसंच हे.

खरंच गरज आहे का, ते आधी पाहा

कॅबिनेट उघडण्याआधी तापमान मोजून लिहून ठेवा. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांपैकी कुठलाही प्रोग्रॅम फुकट मिळतो. मशीन दहा मिनिटं नुसतं चालू ठेवून एक आकडा घ्या, मग प्रोसेसरला पूर्ण राबवणारा सिनेबेंच हा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवून दुसरा घ्या. आणि तिसरा आकडा खोलीच्या तापमानाचा. हा तिसरा हमखास राहतो आणि त्यावाचून पहिल्या दोघांना अर्थ नाही. खोली जितकी तापेल साधारण तितकाच प्रोसेसरही वर सरकतो. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ६५ दाखवणारं मशीन मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ८० पार करेल, आणि त्यात पेस्टचा काही दोष नसेल.

रिकाम्या बसलेल्या डेस्कटॉपला ३५ ते ५० अंश आणि कामात ८० च्या आसपास, इथवर काळजीचं कारण नाही. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोहोचले की ते आपला वेग स्वतःच उतरवतात, आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद करतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर मात्र पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जातील असेच बनवले आहेत. ते पाहून लगेच नळी आणायला धावू नका.

पेस्टला हात लावण्याआधी धूळ झाडा. २०१७ पासून स्वच्छतेच्या यादीत आपलं शहर पहिलं येत आलं आहे, पण कॅबिनेटच्या आत पाहणी करायला कोणी येत नाही. कूलरच्या पट्ट्यांमध्ये गादीसारखी धूळ बसली असेल तर नवी पेस्ट काय करणार? ब्रश आणि ब्लोअरने ती काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरू देऊ नका. बेअरिंग बिघडू शकतं. इतक्यानेच दहा अंश उतरलेले मी पाहिले आहेत. आणि खोलीतला पाण्याचा कूलर थेट कॅबिनेटच्या तोंडाशी लावू नका. हवा गार लागते खरी, पण तिच्यासोबत ओल आणि तुषारही आत जातात.

पेस्ट बदलायची वेळ येते ती तीन ते पाच वर्षांनी, किंवा कूलर कुठल्याही कारणाने एकदा उचलला तर. दुसऱ्या बाबतीत पेस्ट कालची असली तरी पुसून नवीच लावायची.

सामान

पेस्टची एक छोटी नळी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, टिश्यू पेपर, कान साफ करायच्या चार-पाच काड्या आणि चुंबक लावलेला फुलीचा स्क्रूड्रायव्हर. बस. पेस्ट आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये मिळते. अल्कोहोल तेच, जे जेल रोडवरचे मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात. ९० टक्क्यांच्या वरचं मागा, ९९ मिळालं तर उत्तमच.

पेस्ट कोणती, यावर तासन्‌तास वाद घालणारे लोक आहेत. आर्क्टिकची एमएक्स मालिका, नॉक्टुआची एनटी-एच१ किंवा डीपकूल, कूलर मास्टर यांची साधी पेस्ट, यांतली कुठलीही घ्या. चांगल्या आणि फार चांगल्या पेस्टमध्ये दोन-चार अंशांचा फरक पडतो. वेड्यावाकड्या बसलेल्या कूलरने वीस अंशांचा पडतो. फक्त लिक्विड मेटल नावाच्या प्रकाराला पहिल्या खेपेस हात लावू नका. तो गॅलियमचा द्रव मिश्रधातू असतो, वीज वाहून नेतो आणि ॲल्युमिनियम खातो.

नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं ॲसिटोन प्लॅस्टिक विरघळवतं. गंज काढायचा तेलकट फवाराही नको, मागे थर राहतो. आणि टूथपेस्ट? लोक लावतात. थोडा वेळ चालतेही. मग तिच्यातलं पाणी उडतं आणि प्रोसेसरवर खडू उरतो.

कूलर काढणं: सगळ्यात जपून करायचं काम

मशीन दहा मिनिटं चालवा. गरम झाल्याने जुनी पेस्ट मऊ पडते. मग नेहमीसारखं बंद करा, भिंतीवरचा स्विच बंद करा, मागची केबल उपसा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा. आत हात घालण्याआधी त्याच्या उघड्या लोखंडी भागाला स्पर्श करा. कोरड्या हवेत, त्यातून अंगात नायलॉनचे कपडे असतील तर, अंगावरच्या स्थिर विजेचा चटका नाजूक भागांना बसतो. मोबाइलवर आतला फोटो काढून ठेवा. पंख्याची वायर कुठे लागली होती हे तासाभराने आठवत नाही, हा माझा अनुभव.

पंख्याची वायर आधी सोडवा. पुढची पद्धत कूलरवर अवलंबून.

इंटेलसोबत मिळणाऱ्या गोल कूलरला चार कोपऱ्यांत चार काळ्या खुंट्या असतात. प्रत्येकीवर बाण कोरलेला असतो. त्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवा आणि खुंटी वर ओढा. चारही सुटल्या की कूलर हळूच इकडून तिकडे हलवून उचला.

एएमडीचा एएम४ सॉकेट असेल (सॉकेट म्हणजे मदरबोर्ड या मुख्य पाटीवरची प्रोसेसर बसायची जागा) तर इथे थांबून हा परिच्छेद दोनदा वाचा. या प्रोसेसरांना पिना खालच्या बाजूला असतात, एकूण १३३१, केसासारख्या. प्रोसेसर अडकवणारी सॉकेटची दांडी बंद असली तरी पकड फार घट्ट नसते. जुनी पेस्ट डिंकासारखी झाली असेल आणि तुम्ही कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर त्याला चिकटून पिनांसकट बाहेर येतो. म्हणून स्क्रू किंवा क्लिप सोडवल्यावर कूलर आधी डावी-उजवीकडे पिळायचा. बरणीचं झाकण सैल करतो तसा, हलक्या हाताने, चार-पाच वेळा. तो मोकळा फिरू लागला की मगच उचलायचा. हे मला ठाऊक होतं, तरी एकदा घाईत मी सरळ ओढला. दोन पिना वाकल्या. शिसं काढलेल्या यांत्रिक पेन्सिलीचं टोक पिनेवर चढवून त्या सरळ करण्यात पूर्ण दुपार गेली, घामाने चष्मा घसरत होता. प्रोसेसर वाचला, पण ती दुपार कोणाच्या वाट्याला येऊ नये.

प्रोसेसर चिकटून आलाच तर सुरी घालून उचकटू नका. केस वाळवायच्या ड्रायरने कूलर कोमट करा आणि प्रोसेसर आडवा सरकवत सोडवा.

कूलर नीट निघाला तर प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू द्या. पेस्ट बदलायला तो बाहेर काढावा लागत नाही. इंटेलमध्ये आणि एएमडीच्या एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात आणि त्या वाकल्या की मदरबोर्डच जातो. दांडीला हात लावायचंच कारण नाही.

पुसण्याआधी पाहा

इथे बहुतेक जण घाई करतात आणि लगेच टिश्यू उचलतात. दोन मिनिटं थांबा. जुन्या पेस्टचा ठसा वाचता येतो, आणि तो तुमच्या मशीनची कुंडली आहे.

मध्यभागी पातळ, जवळजवळ धातू दिसेल इतका थर आणि कडांना जमलेली जास्तीची पेस्ट, हा चांगल्या दाबाचा ठसा. एका कोपऱ्यात जाड आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यात पातळ, म्हणजे जाड बाजूचा स्क्रू किंवा खुंटी सैल. मध्येच कोरडं बेट दिसलं तर पेस्ट कमी पडली होती. कूलरच्या तळावर प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी दिसली, तर कपाळावर हात मारा. नवा कूलर बसवताना ती काढायची राहते, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

भाच्याच्या मशीनमध्ये तीन कोपऱ्यांत ठसा स्वच्छ होता आणि चौथ्यात पेस्ट लोण्याच्या गोळ्यासारखी तशीच उभी. दिवाळीच्या सफाईत कॅबिनेट उचलून गॅलरीत नेलं होतं, तेव्हा एक खुंटी निसटली असणार. थंडीभर भागलं, उन्हाळ्यात उघडं पडलं. पेस्ट वाळली नव्हतीच. ठसा न पाहता आम्ही पुसून टाकलं असतं, तर नवी पेस्टही त्याच सैल खुंटीखाली गेली असती.

पुसणं

आधी कोरड्या टिश्यूने जाड पेस्ट काढा, कडेकडून मध्याकडे. उलट केलं तर ती सॉकेटच्या फटीत जाते. मग टिश्यूवर अल्कोहोल घ्या, थेट प्रोसेसरवर ओतू नका. टिश्यू काळपट निघणं थांबेपर्यंत पुसा. तीन-चार तुकडे लागतात. कडा काडीने. कूलरचा तळही तितक्याच निगुतीने. घरातलं जुन्या धोतराचं फडकं मऊ असलं तरी धागे सोडतं, एक धागा राहिला तर तिथे फट राहते. सगळं पुसून झाल्यावर दोन मिनिटं वाळू द्या, आणि त्यानंतर बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा दिसत नाही, पण असतो.

आता ती पेस्ट

इतक्या तयारीनंतरचं मुख्य काम अर्ध्या मिनिटाचं आहे.

नळी पहिल्यांदा दाबाल तेव्हा निघणारा थेंब कागदावर टाका. कधीकधी वर तेल सुटलेलं असतं. मग प्रोसेसरच्या चकतीच्या बरोबर मध्ये एक ठिपका. किती मोठा? इंग्रजी व्हिडिओ मटाराएवढा सांगतात, पण मटार काय, वाटाण्यापासून हरभऱ्यापर्यंत कसाही असतो. माझं माप इंदुरी आहे. सराफ्यातल्या खिचडीत मोकळा, टपोरा दिसतो तो भिजलेला साबुदाणा. चार-पाच मिलिमीटरचा. तेवढाच. कूलरच्या दाबाने तो स्वतः पसरतो.

बोटाने किंवा कार्डाने पसरवावा का? पसरवला तर चालतो, पण नवख्याच्या हातून थर उंचसखल होतो आणि मध्ये हवेचे बुडबुडे कोंडले जातात. मी पसरवत नाही.

अपवाद दोन. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या एलजीए१७०० सॉकेटचा प्रोसेसर चौकोनी नसून लांबट असतो, साडेसदतीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा. एका ठिपक्याने त्याची टोकं कोरडी राहू शकतात. तिथे लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ ओढा, किंवा मध्ये एक साबुदाणा आणि चार कोपऱ्यांकडे चार बारके, न भिजलेले म्हणा हवं तर. दुसरा अपवाद एएमडीच्या एएम५ चा. त्याच्या चकतीच्या कडांना खाचे आहेत आणि त्यांत बारीक कपॅसिटर उघडे असतात. जास्तीची पेस्ट तिथे जाऊन बसते. आजच्या बहुतेक पेस्ट वीज वाहून नेत नाहीत, त्यामुळे लगेच काही बिघडत नाही, पण ती साफ करणं म्हणजे जाळीदार दागिन्यातला मळ काढणं. हात आखडता ठेवा.

नव्या कूलरच्या तळावर कंपनीनेच राखाडी पट्टे लावलेले असतील तर वरून आपली पेस्ट लावू नका. एकावर एक दोन थर होतात.

बसवणं

कूलर सरळ वरून, एकदाच, खाली ठेवा. ठेवल्यावर "कशी पसरली बघू" म्हणून उचलू नका. उचललात तर हवा शिरते, आणि पुन्हा पुसून नवा साबुदाणा लावावा लागतो. भाच्याने उचललाच होता.

स्क्रूचा कूलर असेल तर एक स्क्रू पूर्ण कसून मग दुसऱ्याकडे जाऊ नका. तबला सुरात लावताना गट्ठे समोरासमोर ठोकत जातात, तसं करा: एका कोपऱ्याला दोन फेरे, मग तिरकस समोरच्याला दोन, मग उरलेली जोडी, आणि पुन्हा पहिल्यापासून. स्क्रू आपोआप अडला की थांबा. एएमडीच्या एएम४ वरच्या स्क्रूवाल्या कूलरमध्ये बोर्डामागची लोखंडी पट्टी सुटून पडू शकते. कॅबिनेट उभं असेल तर मागून कोणाला तरी धरायला सांगा.

इंटेलच्या खुंट्या बसवण्याआधी चारही बाणाच्या उलट दिशेने फिरवून मूळ जागी आणा. मग तिरकस जोडीने दाबा. प्रत्येकीचा टक् असा आवाज यायला हवा. बोर्ड थोडा वाकतो, घाबरू नका, पण मागून हाताचा आधार द्या. यानंतरची तपासणी टाळू नका: बोर्डाच्या मागच्या बाजूने प्रत्येक पांढरी खुंटी फाकलेली आणि तिच्या मधून काळं टोक बाहेर आलेलं दिसतं का ते पाहा. वरून एकेक खुंटी हलकेच ओढा. एक जरी वर आली तर ती बसलेली नाही.

पंख्याची वायर सीपीयू फॅन असं लिहिलेल्या जागीच लावा. विसरलात तर सुरू होताना बहुतेक बोर्ड पंख्याची चूक दाखवून अडून बसतात.

चालू करून पाहणं

पहिल्यांदा सरळ विंडोजमध्ये न जाता बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर, जा आणि तापमानावर नजर ठेवा. पाच मिनिटं आकडा ४०-५० च्या आसपास रेंगाळला तर काम झालं. मिनिटभरात ८०-९० गाठत असेल तर बंद करा. कूलर टेकलेला नाही, पट्टी राहिली आहे किंवा पंखा फिरत नाही, या तिघांपैकी एक. जास्त पेस्ट हा उपाय यांतल्या एकाचाही नाही.

मग सुरुवातीसारखं सिनेबेंच दहा मिनिटं, आणि जुन्या आकड्यांशी तुलना, खोलीचं तापमान धरून. भाच्याचं मशीन आधी १०० ला टेकून वेग सोडत होतं. त्याच दुपारी, त्याच तापलेल्या खोलीत ते ७८ वर थांबलं.

लॅपटॉपवर हे सगळं लगेच करून पाहू नका. तिथे चकती नसते, काचेसारखी उघडी चिप असते आणि तिचा कोपरा तुटू शकतो. तिच्यावर पेस्ट पूर्ण पसरवावी लागते. शेजारच्या मेमरीवर मऊ पॅड असतात, त्यांची जाडी ठरलेली असते आणि त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही. आधी बॅटरीची वायर सोडवावी लागते. एक-दोन डेस्कटॉप हाताखालून गेले की मग तिकडे वळा.

उरलेल्या नळीचं टोपण घट्ट लावून ती गार जागी, तोंड खाली करून ठेवा. चार ग्रॅमची नळी दहा-पंधरा वेळा सहज पुरते. कॅबिनेटच्या आत कागदी टेपवर आजची तारीख लिहून चिकटवा. आणि नळीवर मोठ्या अक्षरांत "औषध नाही" असंही लिहा, कारण ती दिसते थेट मलमाच्या सिरिंजसारखी. आमच्याकडे भावजी एकदा ती गुडघ्याला चोळायला निघाले होते. पेस्ट राखाडी निघाली, म्हणून ताईला हाक मारली.